दुपारी झोपता येईल अशी खोली

आर्किटेक्चर कॉलेजच्या मटेरियल लॅबमधून दोन गोष्टी कधी बाहेर टाकल्या जात नाहीत. एक म्हणजे नमुन्याच्या विटा, आणि दुसरी म्हणजे त्या विटांपायी घडलेले किस्से. विटा कोपऱ्यात साठतात, किस्से चहाच्या वेळी निघतात. कुणी नवीन माणूस आला की जुन्यांना चेव येतो आणि चहा गार होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही.

मी या कॉलेजात बिल्डिंग सर्व्हिसेस शिकवते, म्हणजे नळ, वारा आणि वायरी. लॅबशी माझा अधिकृत संबंध काही नाही. पण तिच्या खिडकीतून त्र्यंबककडचे डोंगर दिसतात आणि दुपारी तिथे छान वारा येतो. तेवढा संबंध मला पुरतो.

*

लॅबचे प्रमुख आवारे सर. बोलता बोलता मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायची त्यांना सवय आहे. नव्या विद्यार्थ्यांना वाटतं, सर विसरले. जुन्यांना माहीत असतं की वाक्य वाटेत आहे, जरा थांबायचं.

मेघना साळवे त्यांच्याकडे पीएचडीला आली तेव्हाची गोष्ट. मेघना मूळची मनमाडची. आमच्याकडेच एम.आर्क. केलं आणि मग आमच्याकडेच तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तिने विषयाचं शीर्षक आणलं होतं ते इंग्रजीत, आणि एका दमात वाचून होणार नाही एवढं लांब. त्यात सस्टेनेबल होतं, पॅसिव्ह होतं, थर्मल तर दोनदा होतं.

सरांनी ते शांतपणे वाचलं. डोंगराकडे बघितलं. मग म्हणाले, "हे विद्यापीठासाठी ठीक आहे. तुला काय हवंय ते सांग."

मेघना थोडी गडबडली. मग म्हणाली, "सर, दुपारी झोपता येईल अशी खोली."

"उन्हाळ्यात?"

"एप्रिल-मेमध्ये. पंखा न लावता."

सरांनी तिथल्या तिथे सही केली. शेजारी आमचे स्ट्रक्चरचे बोरस्ते सर बसले होते. त्यांनी सुस्कारा सोडला. "मी वर्षानुवर्षं याच विषयावर काम करतोय. मला कुणी गाइड मिळवून दिला नाही."

*

बोरस्ते सरांबद्दल सांगायला हवं. दिंडोरीकडचे, घरची द्राक्षबाग, आणि काँक्रीटवर निस्सीम श्रद्धा. माती म्हणजे बुटावरून झटकायची वस्तू, असं ते पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचे. तरी मेघनाच्या विटांसाठी काड्या आल्या त्या त्यांच्याच बागेतून. छाटणी झाली की त्या बांधावर पेटवून देतात, त्याऐवजी ते गाडीच्या डिकीत भरून आणायचे. "धूर वाचतो म्हणून आणतो. माझा याच्यावर विश्वास नाही," हे डिकी उघडतानाच सांगून टाकायचे.

त्या काड्या बारीक करून, माती, चुना, भाताचं तूस आणि जुन्या पद्धतीप्रमाणे थोडं गुळाचं पाणी घालून मेघनाने पहिल्या विटा पाडल्या आणि लॅबच्या मागे वाळत ठेवल्या. सकाळी येऊन बघतो तर एक गाय तिथे उभी. डोळे मिटून, अगदी निवांतपणे विटा चाटत होती. गूळ बाधला! सगळ्या विटांचे कोपरे गोल झाले होते.

मेघना रडवेली झाली. सरांनी एक वीट उचलली, दोन्ही हातांत फिरवली, गालाला लावली. "बघ तरी," म्हणाले, "हाताला किती छान लागते."

तेव्हापासून आमच्या विटांचे कोपरे गोलच असतात. साचाच तसा करून घेतला. पुढे पेपर गेला तेव्हा तपासणाऱ्याने विचारलं की कोपऱ्यांच्या या ट्रीटमेंटसाठी कोणतं उपकरण वापरलं. मेघनाने उत्तर पाठवलं, "स्थानिक पातळीवर सहज उपलब्ध होतं."

*

वीट किती दाब सोसते हे बघायला बोरस्ते सरांचं मशीन आहे. काँक्रीटचा ठोकळा त्यात असा फुटतो की दाराबाहेरचा माणूस दचकतो. त्या आवाजावर सरांचं प्रेम आहे.

मेघनाची वीट लावली. बोरस्ते सर कानात बोटं घालून उभे राहिले. आम्हीही घातली. काटा चढत गेला. आवाज काही होईना. बघितलं तर वीट फुटायचं नाव नाही, नुसती हळूहळू खाली बसत चाललेली.

"ही तुटत का नाही?" बोरस्ते सर वैतागले.

आवारे सर म्हणाले, "दमली असेल. बसू द्या की तिला."

बोरस्ते सरांनी कानातली बोटं काढली आणि मशीन बंद केलं. नंतर बराच वेळ ते त्या बसक्या विटेकडे बघत होते.

*

विटा जमल्या, तशी कॉलेजच्या मैदानापलीकडे, कडुलिंबाच्या बाजूला, एक छोटी खोली उभी राहिली. जाड भिंती, बांबूचं छत, उत्तरेला एक खिडकी आणि आतून-बाहेरून नुसती कडी असलेलं दार. कुलूप सरांनी लावूच दिलं नाही. चोरायला आत काय आहे, गारवा?

बाहेरून मातीचा गिलावा केला, त्यातलं तूस पेठच्या गिरणीतून आलेलं. गिरणीवाल्याने उदार मनाने त्यात दाणेही ठेवले होते. गिलावा ओला राहावा म्हणून आम्ही त्यावर पाणी मारत होतो. एका सोमवारी आलो तर भिंतीला कोंब फुटलेले! सगळ्या भिंतीवर पोपटी लव, आणि सकाळच्या उन्हात ती हलतेय. मेघना, सर, मी, तिघेही बराच वेळ नुसते बघत उभे होतो. मला तर ते स्वप्नच वाटलं होतं, अजूनही वाटतं.

नेमकी त्याच दिवशी कॉलेजची तपासणी समिती आली. समितीचे अध्यक्ष भिंतीपाशी थांबले आणि विचारलं, "ही व्हर्टिकल गार्डनची कल्पना कुणाची?"

बोरस्ते सर म्हणाले, "पेठच्या एका संस्थेचं सहकार्य आहे."

*

खोलीत एक डेटा लॉगर बसवला होता. काड्यापेटीएवढं यंत्र, आतलं तापमान सतत टिपतं आणि लॅबमधल्या लॅपटॉपवर त्याची रेषा उमटते. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आतली रेषा जवळजवळ सपाट जायची. पण रोज दुपारी जेवणं झाली की ती हळूच चढायची, टेकडीसारखी फुगायची आणि चहाच्या सुमाराला उतरायची.

मेघना घाबरली. आवारे सर मात्र मोहरून गेले. त्यांनी सिद्धांतच मांडला की भिंत सकाळभर उष्णता पिते आणि दुपारी श्वास सोडते. रविवारी टेकडी का येत नाही, यालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. रविवारी कॅम्पसवर गाड्या नसतात, जमीन तापत नाही, भिंतीला सुट्टी. त्यांनी परिषदेसाठी पेपरचा गोषवारा लिहून पाठवलासुद्धा. गोषवाऱ्यात 'श्वास' हा शब्द वाचून मला जरा धाकधूक झाली होती.

मग एका बुधवारी टेकडी आलीच नाही. त्या दिवशी बोरस्ते सर मुलीच्या अॅडमिशनला पुण्याला गेले होते. मेघनाच्या डोक्यात काहीतरी चमकलं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती मैदान ओलांडून गेली आणि दार अलगद लोटलं.

भिंतीच्या आडोशाला बूट नीट जोडीने ठेवलेले. आत सतरंजीवर, उशाला एक गोल कोपऱ्याची वीट घेऊन, बोरस्ते सर गाढ झोपलेले.

"मटेरियलची तपासणी करत होतो," असं त्यांनी उठल्यावर सांगितलं.

आवारे सरांनी पेपर मागे घेतला. आम्हाला वाटलं, त्यांना लाज वाटली असेल. पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "मला खरंच वाटलं होतं की कुणीतरी श्वास घेतंय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "घेतच होतं म्हणा."

*

त्यानंतर चोरी उरलीच नाही. दुपारी पाळीपाळीने आम्ही खोलीत झोपायला लागलो. मेघनाने त्याचाही अभ्यास मांडला. कुणी नसताना रेषा सपाट. माणूस असला की टेकडी. आणि हळूहळू आम्हाला टेकड्या वाचता यायला लागल्या.

जागा माणूस ओळखू येतो. तो उठतो, दार उघडतो, फोन घेतो, परत येऊन पडतो. दार उघडलं की बाहेरची झळ आत येते आणि रेषेला दाता पडतो. माझी रेषा नेहमी करवतीसारखी, कारण मी झोपायचं म्हणून जाते आणि पुस्तक वाचत बसते. झोपलेल्या माणसाची रेषा मात्र गुळगुळीत. बोरस्ते सरांची टेकडी इतकी सुरेख यायची की आवारे सरांनी ती प्रिंट काढून लॅबच्या भिंतीवर लावली. बोरस्ते सर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आपलं पोर्ट्रेट म्हणून दाखवतात.

*

विद्यार्थी मेघनाला 'सायलेंट मोड' म्हणतात. सकाळी ती चारचौघींसारखी बोलते, पण दुपार झाली की तिचा आवाज आपोआप खाली येतो. कॉरिडॉरमधून चालताना ती चप्पल वाजू देत नाही. खुर्ची ओढत नाही, उचलून ठेवते. मी एकदा सहज विचारलं, तर तिने हसत हसतच सांगितलं.

तिचे वडील रेल्वेत होते, मनमाडला. बहुतेक वर्षं रात्रपाळी. सकाळी घरी यायचे आणि दुपारी झोपायचा प्रयत्न करायचे. घरावर पत्रा, तोही तापलेला. ओला टॉवेल छातीवर टाकून पडायचे. "आई कुकर लावायचीच नाही, शिट्टी होईल म्हणून. डाळ पातेल्यात शिजायची. आम्ही भावंडं भांडायचो तेसुद्धा खुणांनी. कुणी बोललंच तर आई ओठांवर बोट ठेवायची. 'बाबा झोपलेत.' आणि मॅडम, बाबा झोपलेले नसायचेच. डोळे मिटून पडलेले असायचे. आम्ही गप्प बसतोय म्हणून ते झोपल्यासारखं करायचे आणि ते झोपलेत म्हणून आम्ही गप्प."

रिटायर झाल्यावर तर त्यांची झोप पारच गेली. रात्रीची सवय नाही, दिवसाची जमली नाही.

मी यावर काहीतरी शहाणपणाचं बोलणार होते, पण डोळ्यांत पाणी आलं म्हणून चहा आणायला उठले.

*

खोली तयार झाल्यावर मेघनाने वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. साळवे काका आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आत जाऊन पडले. आम्ही सगळे चवड्यांवर चालत लॅबमध्ये आलो आणि लॅपटॉपभोवती जमलो. सर, बोरस्ते सर, मी, आणि मध्ये मेघना.

रेषा चढायला लागली. मग दाता. परत दाता. परत. काका उठून दार उघडून बघत होते, ड्यूटीची वेळ झाली की काय असं बघायचे तसं. शेवटी करवत पुरी झाली आणि ते स्वतःच मैदान ओलांडून लॅबमध्ये आले.

"लय गार हाय," ते म्हणाले. "लय भारी बांधली, पोरी."

"झोप लागली का, बाबा?"

"लागली ना. चांगली लागली."

मेघनाने लॅपटॉप हळूच मिटला.

ती पाणी आणायला गेली तेव्हा काका मला म्हणाले, "मॅडम, झोप हुकमानं येत नाय. त्यात बाहेर कोणी वाट बघतंय म्हटलं, की नायच येत." पुन्हा त्या खोलीत जायचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मेघनानेही काढलं नाही.

*

पर्मनंट जागेच्या इंटरव्ह्यूचा किस्सा छोटा आहे. समितीने मेघनाला विचारलं, "तुमच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?"

ती म्हणाली, "रात्रपाळी करणाऱ्याला दुपारी झोप लागेल."

समितीतल्या एका गृहस्थांना वाटलं की ती चेष्टा करतेय. दुसऱ्यांनी ही झोप कुठे छापून आलीय ते विचारलं. शेवटी निकाल आला की पीएचडी पूर्ण झाल्यावर विचार करू. त्या जागेची जाहिरात पुन्हा निघणार होती, आणि ती शेवटचीच, असं ऑफिसमध्ये बोललं जात होतं. तोवर डिग्री हातात पडली तर मेघना इथे राहणार होती. नाही पडली तर तासिका तत्त्व आणि ती, दोन्ही इथून जाणार होती. मेघना याबद्दल काही बोलायची नाही, पण दुपारी तिचा आवाज आणखीच खाली गेला होता.

*

आता व्हायवाचा किस्सा. हा सांगायचा तर बोरस्ते सर म्हणतात, मला सांगू द्या. पण ते फार वाढवतात.

थिसिस तपासणारे बाहेरगावचे एक्झॅमिनर कडक म्हणून प्रसिद्ध होते. बारीक अंगाचे, आवाज मात्र खणखणीत, माइकची गरज नाही. त्यांनी सगळ्या थिसिसमध्ये एकच आक्षेप काढला होता, पण मुळावरचा. दुपारी तापमान चढतं ते माणसामुळे असं तुम्ही म्हणता. भिंतच उष्णता सोडत नसेल कशावरून? तसं असेल तर खोली दुपारी गार राहते हा तुमचा दावाच पडतो. व्हायवात सिद्ध करा, नाहीतर सगळी मोजणी पुन्हा करा. पुन्हा म्हणजे पुढचा उन्हाळा, आणि तोवर जाहिरात येऊन गेलेली.

आवारे सरांनी खिडकीबाहेर बघून उपाय शोधला. व्हायवा दुपारीच ठेवायची. खोलीची रेषा हॉलच्या पडद्यावर लाइव्ह लावायची. आम्ही सगळे हॉलमध्ये, खोली रिकामी. भर उन्हात, रिकाम्या खोलीत रेषा सपाट राहिली की आक्षेप संपला.

सरांनी सगळ्यांना बजावलं, आज तिकडे कुणी फिरकायचं नाही. बोरस्ते सरांना तर माझ्या आणि आवारे सरांच्या मध्ये बसवलं. काका आणि मेघनाची आई, म्हणजे काकू, पुढच्या रांगेत होते, पेढ्यांचा बॉक्स काकूंच्या मांडीवर. काकांना बजावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मेघना छान बोलली. पडद्याच्या एका बाजूला तिची मांडणी आणि दुसऱ्या बाजूला ती रेषा, पाटीवर पट्टीने ओढल्यासारखी सपाट. बाहेर एप्रिलचं ऊन. एक्झॅमिनर प्रश्न विचारत होते आणि मधूनमधून रेषेकडे बघत होते. मलाही ते सगळं जमत आल्यासारखं वाटत होतं. हॉलमध्ये एसी होता, इंग्रजी चाललं होतं आणि माझे डोळे जड झाले होते.

तेवढ्यात बोरस्ते सरांनी माझा दंड धरला. रेषा चढत होती.

पहिल्यांदा मला वाटलं, भास आहे. पण एक्झॅमिनरांनी चष्मा सारखा केला आणि हॉल दणाणला. "खोली रिकामी आहे ना, मिस साळवे?"

"हो सर."

"मग हे काय?"

मेघना वळून पडद्याकडे बघायला लागली. आवारे सरांना खिडकी सापडेना, हॉलला खिडक्याच नव्हत्या. मी बोरस्ते सरांना चाचपून बघितलं, ते होते. रेषा चढत राहिली. एक्झॅमिनरांनी पेनाचं टोपण काढलं. मेघना काहीच बोलत नव्हती. मला वाटलं, संपलं. पोरीची सगळी वर्षं गेली.

पण ती घाबरून गप्प नव्हती. ती रेषा वाचत होती. मग तिने पुढच्या रांगेकडे बघितलं. काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"मघाशी उठले," काकू म्हणाल्या. "गारठा लागतोय, जरा उन्हात पाय मोकळे करून येतो म्हणले."

मेघनाने पुन्हा पडद्याकडे बघितलं. टेकडी पुरती वर आली होती. कुठेही दाता नव्हता.

"सर," ती एक्झॅमिनरांना म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. "बाबा झोपलेत."

"कशावरून?"

बोरस्ते सर उठले, बूट हॉलमध्येच काढले आणि नुसत्या मोज्यांनी, भर उन्हात, मैदानापलीकडे गेले. थोड्या वेळाने माझ्या फोनवर त्यांचा फोन आला. ते काहीच बोलले नाहीत. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. त्यांनी आपला फोन खिडकीशी धरला असावा. सगळ्या हॉलला काकांचं घोरणं ऐकू आलं, खोल आणि एकसारखं.

एक्झॅमिनर बराच वेळ ऐकत राहिले. पेनाचं टोपण परत लावलं. शेजारच्या दुसऱ्या एक्झॅमिनरांकडे बघितलं, त्यांनी मानेनेच नाही म्हटलं, आता प्रश्न नाहीत. मग ते उठून उभे राहिले, खुर्ची न ओढता, आणि टेबलावर वाकून अगदी हळू काहीतरी बोलले. मागच्या रांगेतली मुलं एकमेकांना विचारायला लागली, काय म्हणाले, काय म्हणाले.

"अभिनंदन, डॉक्टर साळवे, म्हणाले," पुढच्यांनी कुजबुजत मागे सांगितलं.

मुलांनी टाळ्यांसाठी हात उचलले. काकू पेढ्यांचा बॉक्स सांभाळत उठल्या, सगळ्या हॉलकडे वळल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.